सावली न पडलेला दिवस

सुनंदाचं अंग कोरडं होतं. आम्ही सगळ्या बायका घामानं निथळत होतो आणि तिच्या गळ्यावर, कपाळावर, पोलक्याच्या काखेतसुद्धा ओल नव्हती. मी गालाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. भाकरी टाकायच्या आधी तव्यावर हात धरून पाहतो ना, तसं वाटलं. तिचे डोळे अर्धे उघडे होते, पण ते माझ्याकडे पाहत नव्हते. ती चांदीसारख्या चकचकीत प्लास्टिकवर उताणी पडली होती आणि त्या प्लास्टिकमध्ये तिच्या डोक्याभोवती आभाळ दिसत होतं. पांढरं, सूर्य नसलेलं.

"मेली का वं?" कमलानं विचारलं. कमला माझी शेजारीण, माझ्याच वयाची. असं विचारायची तिला भीती वाटत नाही.

"जीव हाय," मी म्हटलं. "पाय धर तिचे."

"मोटारीच्या खोलीत नेऊ. तिथं सावली हाय."

मोटारीची खोली म्हणजे विहिरीजवळचं टिनाचं खोपटं. सकाळपासून ते टिन तापत होतं. आत नुसतं वाकून पाहिलं तरी केस भाजल्यासारखे वाटतात.

"तिथं नेलं त शिजंन ते," मी म्हटलं. "निंबाखाली घे."

सुनंदा माझी सून. वाशीमहून रिठदकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं भाजीपाल्याचं वावर आहे, त्या वावरातली ही गोष्ट आहे. कडुनिंब बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. आम्ही तिला उचललं तेव्हा तिची मान मागं लोंबली आणि तिच्या वेणीनं तापलेली माती ओढत नेली. वेणीची ती रेघ मला अजून दिसते.

आता परत तोच मे महिना आला आहे. सकाळी उठलं की उंबऱ्यातला दगड आधीच कोमट असतो. मटक्याला बाहेरून ओल सुटते. कोंबड्या चोच उघडी टाकून भिंतीला चिकटतात. गाडीवरच्या पोत्यातल्या वांग्यांचा तजेला बाजाराला पोचायच्या आत उतरतो. आणि वावरात पुन्हा तो कागद अंथरायचे दिवस आले. कागद म्हणायचं फक्त, असतं ते प्लास्टिक. मिरची लावायच्या आधी मातीच्या लांब गादीवर ठिबकची नळी टाकायची, तिच्यावर हा पेपर ताणून अंथरायचा आणि दोन्ही कडा मातीत दाबायच्या. त्याची एक बाजू चांदीची, एक काळी. काळी खाली, चांदी वर. काळ्याखाली उजेड जात नाही म्हणून गवत उगवत नाही. चांदीवरून उजेड परत फिरतो म्हणून माती जास्त तापत नाही आणि पानाखाली लपणारी कीडही पळते असं म्हणतात. मिरचीसाठी चांगलं आहे. अंथरणारीसाठी काय आहे ते कुणी सांगत नाही. आपण वाकलेल्या असतो, डोक्यावर पदर असतो, आणि चटका हनुवटीखालून येतो. वर एक सूर्य आणि खाली एक. खालच्याला पदर कसा घेणार?

हे काम उन्हातच करावं लागतं. गारव्यात अंथरला तर दुपारी तो ढिला पडतो, मग वारा आत शिरून त्याचा फुगा करतो आणि फाडतो. उन्हात तापलेला ताणून दाबला की थंड झाल्यावर आवळून बसतो. आणि वारा मुळीच नको. म्हणजे मिरचीवाल्याला चांगला दिवस कोणता, तर कडक तापलेला आणि पान न हलणारा.

मी मेडशीची लेक. चौथीपर्यंत शिकले. त्या चार वर्षांत सूर्याबद्दल एवढंच कळलं की तो पूर्वेला उगवतो, आणि ते मला शाळेत जायच्या आधीच माहीत होतं. बाकी सूर्य आम्ही सावलीवरून शिकलो. माझ्या आईच्या हाती घड्याळ कधीच नव्हतं. बायांची टोळी वावरात असली की ती पायाकडे पाहायची. स्वतःची सावली हातभर उरली की खुरपं धुवून ठेवायचं आणि घरी चालू लागायचं. पुन्हा बाहेर निघायचं ते सावली पुरुषभर लांब झाल्यावर. याच्यावर वाद नव्हता. वावराच्या मालकिणीनंही कधी म्हटलं नाही की अजून थोडं करा. सावली म्हणजे हुकूम होता.

याच महिन्याच्या शेवटाकडे असे काही दिवस येतात की भर दुपारी सावली पार पायात जाते, दिसतच नाही. मेडशीला आम्ही पोरी त्या दिवसांत विहिरीवर जायचो. एरवी विहिरीच्या तळाशी अंधारच असतो. त्या दिवसांत ऊन सरळ खाली उतरायचं आणि पाण्यात सूर्य यायचा, वाटीएवढा. कुणी तरी खडा टाकायची आणि त्याचे तुकडे व्हायचे. मग घरातून कुणाची तरी आजी शिव्या देत यायची. तेवढ्या उन्हात उभं राहून आम्हाला काही झालं नाही. का झालं नाही ते मला माहीत नाही. कुणाला झालंही असेल, आम्हाला सांगितलं नसेल.

त्या वर्षी, सुनंदा पडली त्याच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही अंगणात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होतो. मी, सुनंदा आणि माझा मुलगा विलास. विलास सकाळी मालवाहू ऑटोतून भाजी वाशीमच्या बाजारात नेतो. सुनंदा बारावी शिकलेली, सायन्सवाली. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. आमचं भांडण नव्हतं आणि लाडही नव्हते. ती वरणात मीठ जास्त टाकायची, मी सांगायची, ती दुसऱ्या दिवशी कमी टाकायची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जास्त. मला वाटायचं मुद्दाम करते.

दिवस बुडाला होता आणि भिंत अजून तापलेली होती. तिला टेकता येत नव्हतं. मी म्हटलं, "सूर्य एवढा दूर अन् चटका इथं. मधातली हवा किती तापत असंन."

"मधात हवा नाही, आत्याबाई," सुनंदा म्हणाली.

"हवा नाही त काय हाय?"

"काहीच नाही. हवा आपल्या धरतीभोवती थोडीशी, पांघरुनासारखी. तिच्यावर सगळं रिकामं."

"मंग गरमी येते कशावर बसून?"

"एसटीनं येते, माय," विलास म्हणाला.

"तुले नाही विचारलं. तू जुड्या बांध."

सुनंदानं हातातली काडी दातात धरली, सुतळीला गाठ मारली आणि म्हणाली, "तिले बसाले काही लागत नाही. तुमी चुलीपुढं बसता तवा चुलीले हात लावता का? तरी गाल भाजतेच का नाही?"

"चुलीत अन् माह्यात हवा हाय."

"तापलेली हवा त धुरासंगं वर जाते. गालाले लागते ते सिधं येते. तसंच ते येते."

मला काही पटलं नाही. मी म्हटलं, "एवढ्या दुरून येते त वाटेत थंडी काहून होत नाही? मी घरून वरन घेऊन निघाली का वावरात येईपर्यंत कोमट होते. अन् वावर त एवढंसं दूर."

ती हसली. हसली म्हणजे मला हसली. "वरन डब्याले देते, डबा हवेले देते, म्हनून कोमट होते. तिथं घ्याले कोनीच नाही. देईन कोनाले? पांगते मात्र. टॉर्चचा उजेड दूर गेला का पांगते तसा. पन वाटेत कोनी घेत नाही. मंग पह्यलं जे सापडंन त्याले देते."

"अन् मधात उजेड असंन."

"अंधार हाय."

"सूर्यासमोर अंधार?"

"उजेड कशावर पडला त दिसते, आत्याबाई. पडाले काही नसंन त दिसंन कसा?"

"खोटं शिकवते तुमची शाळा," मी म्हटलं. "अन् किती दिवस लागते त्याले इथवर याले?"

"दिवस नाही. आठ मिन्टं. थोडं जास्त."

"चहा उकळेपर्यंत?"

"हाव, तेवढ्यात."

विलास म्हणाला, "मंग ठेव चहा. सूर्य निघाला असंन." त्यावर तीच उठली आणि चहा ठेवला. साखर बरोबर होती, हे मी मान्य करते.

त्या रात्री मला बाजेवर पडल्यावर तेच आठवत राहिलं. इतका लांबचा रस्ता, काळा, त्यात कुणी नाही, झाड नाही, डबा नाही, आणि त्यातून ही गरमी कुणालाच काही न देता येते. पहिलं जे सापडेल त्याला देते. मग सापडणाऱ्यानं काय करायचं?

दुसरे दिवशी सकाळी आभाळ दुधासारखं होतं. ढग म्हणावे असे नव्हते. वर कुठंतरी धूळ चढली होती आणि तिच्यात सूर्य विरघळला होता. तो कुठं आहे हे सांगता येत नव्हतं, सगळं आभाळच सारखं उजळ होतं. पान हलत नव्हतं. कागद अंथरायला याच्यापेक्षा चांगला दिवस मिळाला नसता. दोघी जणी रोल लोखंडी कांबीवर धरून ओढत जायच्या, बाकीच्या फावड्यानं कडांवर माती टाकत जायच्या. सुनंदा पुढं ओढायला होती. ताकदीची होती.

दोन गाद्या उरल्या तेव्हा कमलानं पायाकडे पाहिलं. मग मी पाहिलं. पायाखाली काहीच नव्हतं. ना हातभर, ना बोटभर. चहूकडून सारखा उजेड येत असला की सावली पडत नाही, हे मला नंतर विचार करून कळलं. तेव्हा आम्ही सगळ्या आपापल्या पायांकडे पाहत उभ्या राहिलो.

"भुतं झालो वं आपन," कमला म्हणाली. "सावलीच पडत नाही."

"ऊनच नाही आज, त पडंन कशी?" सुनंदा म्हणाली. "दोनच त राह्यले. उरकून टाकू, आत्याबाई. उद्या वारं सुटलं त बसा पेपरामांगं धावत."

"सून मेहनती हाय बाप्पा," कमला म्हणाली, "सासू कामचोर निंगाली."

सगळ्या हसल्या. सुनंदा सगळ्यात जास्त हसली. आणि आम्ही कामाला लागलो. कुणी कुणाला जबरदस्ती केली नाही. आमच्या आयांनी घालून दिलेला नियम होता की सावली हातभर झाली की थांबायचं. सावलीच न पडणाऱ्या दिवसाचा नियम कुणी घालून दिला नव्हता. उजेड धुळीत फाटला होता, पांगला होता, पण गरमी तेवढीच खाली येत होती, आणि वारा नव्हता म्हणून अंगावरचा घाम वाळतसुद्धा नव्हता. आम्ही ऊन डोळ्यांनी मोजत होतो.

पहिली गादी झाली. प्लास्टिकला तापल्यावर जो एक गोडसर जळका वास येतो, तो घशात बसला होता. फावड्याचा दांडा हातात धरवत नव्हता. कमला काहीतरी बोलली आणि सुनंदानं तिला भलतंच उत्तर दिलं, कुठल्यातरी मैत्रिणीचं नाव घेऊन. मग म्हणाली, "मले थंडी वाजून राह्यली."

"या दिवसात थंडी?" कमला म्हणाली. "दिवस गेले का वं तुले?"

बायका पुन्हा हसल्या. सुनंदा हसली नाही. तिच्या दंडावर काटा आला होता, मी पाहिला. ती खाली बसली, मग तळहात कागदावर टेकवला, तो तापलेला असूनही उचलला नाही, आणि मग आडवी झाली.

निंबाखाली नेईपर्यंत तिच्या तोंडातून एक घरघर सुरू झाली होती. पाण्याच्या दोन कॅन आणल्या होत्या, त्या आम्ही सगळ्यांनी पिऊन संपवल्या होत्या. तळाशी घोटभर होतं ते तिच्या मानेवर ओतलं, ओतताच कोरडं झालं. वीज नव्हती, त्यामुळे मोटार चालू करता येत नव्हती. कमला धावत गेली आणि ठिबकच्या नळीचं टोक उघडून जवळ ओढत आणलं. तिनं ते पाणी सुनंदाच्या पायांवर सोडलं. एक थेंब माझ्या मनगटावर उडाला आणि मी ओरडले. काळ्या नळीत सकाळपासून पडून ते पाणी चहाच्या पाण्यासारखं झालं होतं. मी नळी लाथेनं उडवली. सुनंदानं पाय मागं घेतला नव्हता. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

"इहिरीचं काढा," मी बायकांना म्हटलं. "दोरी लांब सोडा."

सुनंदाचा मोठा फोन तिच्या पदराच्या गाठीत होता. तो तापून बंद पडला होता, काच काळी. कमलाचा बटणाचा फोन चालला. त्याच्या काचेवरचंही उजेडात काही दिसत नव्हतं, पण विलासचा नंबर तिच्या बोटांना पाठ होता. विलास बाजारातून परत निघालाच होता.

पाणी आलं. विहिरीच्या तळाला एरवी ऊन पोचत नाही, म्हणून ते थंड होतं, मातीचा वास होता त्याला. सुनंदाची साडी सैल केली, सगळी भिजवली, डोक्यापासून. पदरानं वारा घातला. एका बाईनं गोधडी आणायला कुणाला तरी पिटाळलं होतं, तापात पांघरूण घालून घाम काढतात तसा काढायला. मी तिला सांगितलं, गोधडी आणली तर तुलाच गुंडाळीन. ती रुसून बाजूला बसली, पण वारा घालायचं थांबली नाही.

विलास आला आणि बांधावरच उभा राहिला. सुनंदाला पाहून तो रडायला लागला.

"रडजो मंग," मी म्हटलं. "आधी गाडी वळव."

आम्ही तिला ऑटोच्या मागच्या हौद्यात ठेवलं. वर छप्पर नव्हतं. विलासनं भाजी झाकायची काळी ताडपत्री ओढली.

"ते नको. काळं नको."

मी विळा घेतला आणि नव्या रोलचा एक लांब तुकडा कापला. चांदी वर, काळं खाली, जसं मिरचीवर टाकतो तसं. एका टोकाला मी धरलं, एका टोकाला कमलानं, मध्ये सुनंदा. पाण्याच्या बादल्या आमच्या पायांत होत्या. गाडी सुरू झाली आणि ओल्या साडीला वारं लागलं. इतक्या तासांत पहिलं वारं.

रस्त्याला दोन म्हाताऱ्या चांदीचं छप्पर धरून चालल्या आहेत, हे पाहून पानठेल्यावरच्या एकानं ओरडून विचारलं, "वरात कोनाची हाय वं?" कमलानं त्याला जे उत्तर दिलं ते मी लिहीत नाही.

वाटेत सुनंदा बोलायला लागली. बरं वाटलं आधी, मग बोलणं ऐकलं आणि ते बरं वाटणं गेलं. मला ती माय म्हणाली, तिच्या माहेरच्या आईला म्हणते तशी. मग म्हणाली, "लाइट बंद करा ना. डोळ्यात लागून राह्यला." पुन्हा पुन्हा तेच. "बंद करा ना लाइट." मी तिच्या डोळ्यांवर ओला हात ठेवला. त्या लाइटचं बटण माझ्याजवळ नव्हतं.

पुढं रस्त्याचं काम चालू होतं. अर्ध्या रस्त्यावर डांबर पसरलेलं, काळं, वाफाळणारं, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांसाठी आम्हाला थांबवलेलं. गाडी थांबली तसं वारं थांबलं. साडी माझ्या हाताखाली वाळायला लागली, कडेकडून आत, पसरलेल्या डाळीसारखी. मी पाणी टाकत होते, विलास हॉर्न वाजवत होता. लाल फडकं धरलेला माणूस आमच्याकडे पाहतच नव्हता. मग कमला कागदाचं टोक सोडून खाली उतरली, त्याच्याकडे गेली आणि त्याच्या हातातलं फडकं हिसकून घेतलं. तो ओरडत मागं आला, हौद्यात वाकला आणि त्याला सुनंदा दिसली. त्यानं समोरच्या ट्रकला स्वतः हात दाखवून थांबवलं. कमला चढेपर्यंत तिचं टोक मी दातात धरलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरनं पहिलंच विचारलं, "घाम कधी बंद झाला?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आभाळाकडे पाहिलं होतं, पायाकडे पाहिलं होतं, पेपराच्या ताणाकडे पाहिलं होतं. तिच्या गळ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

"मालूम नाही," कमला म्हणाली.

तिला आत नेलं. बर्फ नेला, पंखे नेले, सलाइन नेलं. आम्हाला बाहेर बसवलं. खिडकीतून फरशीवर उन्हाचा एक तुकडा पडला होता. धूळ खाली बसली असावी, कारण आता ऊन धारदार होतं आणि गजांच्या सावल्या काळ्या कुळकुळीत पडल्या होत्या. वावरात हव्या होत्या तेव्हा कुठं गेल्या होत्या?

"माय, वाचंन का ते?" विलासनं विचारलं.

"मले काय मालूम? मी चौथी शिकली."

खोटं सांगायचं तर माणसाला आधी स्वतःला ते पटवावं लागतं.

त्या उन्हाच्या तुकड्याकडे पाहत मी बसले. सुनंदा म्हणाली होती तेवढं खरं धरलं, तर जे ऊन तिला लागलं ते निघालं तेव्हा ती हसत होती. ते त्या काळ्या रस्त्यानं येत होतं आणि इथं कमला म्हणत होती, भुतं झालो वं आपन. त्याला माहीत नव्हतं आपण कुणाला लागणार. त्याचा राग धरावा असंही काही नव्हतं. माणूस दगड मारतो तेव्हा त्याचा हात दिसतो. याचा हात दिसत नाही. बरं, हेच ऊन नसलं तर मिरची नाही, सांबार नाही, चुलीतलं लाकूडसुद्धा नाही. ते देतच असतं. सगळं तिथूनच येतं, आणि येताना कुणाला किती झेपेल हे विचारत नाही. झेपणं न झेपणं हे इकडचं काम आहे.

आतून पाण्याचा आवाज येत होता. मधून एक नर्स बाहेर यायची, बर्फाची रिकामी पिशवी टोपलीत टाकायची आणि आमच्याकडे न पाहता आत जायची. कमलानं माझा पदर ओढून पाहिला. तो वाळून कडक झाला होता, मिठाचे पांढरे डाग पडले होते.

"पानी पे," ती म्हणाली. "तू पडली त मले उचलनं होनार नाही."

"तू पे आधी."

"म्या पेलं."

"खोटं."

मग दोघी प्यालो. उन्हाचा तुकडा फरशीवरून भिंतीवर चढला, पिवळा झाला, तांबडा झाला आणि गेला. डॉक्टर बाहेर आला तेव्हा ट्यूबलाइट लागलेली होती. तो विलासशी बोलला, माझ्याशी नाही. ताप उतरतो आहे म्हणाला. लघवी होते का पाहावं लागेल, मूत्रपिंडाचं आज सांगता येत नाही, उद्या सांगतो म्हणाला. उद्या म्हणजे पुन्हा एक सूर्य उगवायचा होता.

त्यानंतर आमच्याकडे कागद अंथरताना सावली पाहत नाहीत. सावली असली तरी नाही. मध्येच एक जण आवाज देते आणि सगळ्या जणी शेजारणीच्या गळ्याला हात लावतात. हात ओला झाला तर ठीक. नाही झाला तर फावडं जिथं आहे तिथं टाकायचं. आसपासच्या वावरातल्या बायका आम्हाला हसायच्या. आता त्यांच्यातल्या काही करतात, हसत हसत करतात, पण करतात. पुरुष करत नाहीत. त्यांचं ते पाहतील.

काल आभाळ परत तसंच होतं, दुधाचं. पान हलत नव्हतं. दोन गाद्या उरल्या होत्या. मी आपली वाकून माती टाकत होते आणि पायाखाली पाहायची जुनी सवय काही जात नाही, म्हणून पाहिलं. काहीच नव्हतं. तेवढ्यात मागून कुणी तरी माझा खांदा धरून मला सरळ उभं केलं.

"गळा दाखवा, आत्याबाई."

"हाय ओला. काम कर."

"ओला नाही. चला घरी."

"दोनच राह्यले."

"राहू द्या. वारा उडवंन त उडवू द्या."

रोल तिथंच अर्धा उलगडलेला राहिला. आम्ही बांधानं घरी निघालो, ती पुढं, मी मागं. डोक्यावर छत्री धरते ती आता, ढग असले तरी, आणि उन्हात थोडं चाललं तरी तिचं डोकं दुखतं. वरणात मीठ अजूनही जास्तच टाकते. सुनंदा जगली.